जुनं तेल आधी बघा

सेकंडहँड बाईक बघायला गेलेला माणूस काय बघतो, हे भायखळ्यात काय आणि लालबागेत काय, सारखंच. टायरची नक्षी किती उरली, टाकीला पोचे आहेत का, मीटरवर किती हजार, आरसीवर कितवा मालक. मग किक मारतो, मूठ पिळतो, मागे जाऊन धूर बघतो. विकणारा म्हणतो, "ऑईल आत्ताच टाकलंय," आणि घेणारा मान डोलावतो. इंजिनाबद्दल सगळ्यात खरं सांगणारी वस्तू तिथेच, इंजिनाच्या पोटात, एका बोल्टच्या आड असते. तिच्याकडे कोणी वळून बघत नाही.

माझी सगळी नोकरी तेल बघण्यात गेली. मध्य रेल्वेच्या कुर्ल्याच्या डिझेल शेडच्या लॅबमध्ये मी होतो. डब्ल्यूडीएम-२ जातीच्या सोळा सिलिंडरच्या इंजिनात ९०० लिटरच्या आसपास वंगणतेल असतं. इंजिन शेडमध्ये आलं की त्यातलं बाटलीभर तेल आमच्या टेबलावर यायचं. त्याचा दाटपणा किती उरला, त्यात पाणी शिरलंय का, डिझेल मिसळलंय का, हे तपासायचं. आणि मग स्पेक्ट्रोमीटरवर त्यातले धातू मोजायचे. लोखंड वाढलेलं दिसलं की लायनर आणि रिंगा झिजतायत. तांबं, शिसं वाढलं की बेअरिंग. सिलिकॉन वाढलं की हवेच्या फिल्टरमधून धूळ आत जातेय. सोडियम दिसलं की इंजिन थंड ठेवणारं पाणी कुठून तरी तेलात झिरपतंय, कारण त्या पाण्यात घातलेल्या रसायनात सोडियम असतं. एकही नट न उघडता आम्ही सांगायचो की अमुक नंबरचं इंजिन लाईनवर पाठवू नका, आधी त्याची बेअरिंगं बघा. ती उघडली की आतली झीज डोळ्यांना दिसायची.

त्याही आधी तेलाशी आमच्या घराचं नातं होतं. वडील भायखळ्याच्या खटाव मिलमध्ये तेलवाले होते. हातात लांब चोचीची झारी घेऊन पाळीभर साच्यासाच्याला तेल देत फिरायचं, हे त्यांचं काम. मिलमध्ये तेलवाल्याला पगार कमी आणि मान त्याहून कमी, पण त्यांनी एक फेरी चुकवली तर खात्यातल्या सगळ्यांना कळायचं.

तर गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या पुतणीने स्प्लेंडर घेतली. ती जे. जे. रुग्णालयात नर्स आहे, राहते लालबागला. रात्रपाळीला बसची वाट बघणं नको म्हणून गाडी. २०१६ची, एका हातावर चाललेली, मीटरवर अडतीस हजार. फॉर्म २९ आणि ३०, ताडदेवच्या आरटीओत नावावर करणं, विमा बदलून घेणं, पीयूसी, ही सगळी धावपळ तिने एकटीने केली. मग गाडी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, मिस्त्री म्हणतो टॅपेटचा आवाज आहे, पुढेमागे बोरकीट करावं लागेल. तोपर्यंत ट्वेंटी-फिफ्टी टाका, आवाज बसेल. टाकू?"

मी म्हटलं, आधी आतलं काढू. ते काय म्हणतंय बघू. मग काय टाकायचं ते ठरवू.

तेल काढताना इंजिन कोमट हवं. चार-पाच मिनिटं गाडी चालू ठेवली की पुरे. तेल पातळ होतं आणि खाली बसलेला गाळही ढवळून त्याच्याबरोबर बाहेर येतो. फार तापवलंत तर हात भाजेल. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावायची, वरचं तेल भरायचं झाकण सैल करायचं, खाली रुंद तोंडाचं भांडं ठेवायचं आणि ड्रेन बोल्टला रिंग पाना लावायचा. स्प्लेंडरला सतराचा लागतो. ओपन पान्याने बोल्टचे कोपरे गोल होतात, म्हणून रिंगच वापरावा.

पण पाना लावण्याआधी वाकून बोल्ट बघा. सेकंडहँड गाडीत इथे पुष्कळ काही कळतं. बोल्टच्या कडेने एम-सील थापलंय का, आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलीय का, मूळ बोल्टऐवजी भलताच जाड बोल्ट बसवलाय का? यातलं काहीही दिसलं तर समजा की आटे गेलेले आहेत. इंजिनाचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. पान्यावर पाय देऊन कसणारा एक गडी भेटला की केसिंगचे आटे उपटून येतात. त्यावर इलाज आहे, लेथवाल्याकडे जाऊन नवे आटे पाडून घेता येतात किंवा हेलिकॉईल बसवता येते; पण हे गाडी घेण्याआधी कळलं तर भावात बोलता येतं. पुतणीच्या गाडीचा बोल्ट स्वच्छ होता. मागच्या मालकाने निदान तिथे तरी दांडगाई केलेली नव्हती.

बोल्ट निघाला, तेल आलं. आता पहिली गोष्ट, आणि ही करणारा माणूस मी क्वचितच बघितला: निघालेलं तेल मोजायचं. जुनी लिटरची पाण्याची बाटली घ्या, बाजूला खुणा करा, तिच्यात ओता. मॅन्युअलमध्ये तेलाचे दोन आकडे असतात. एक नुसतं तेल बदलताना किती भरायचं त्याचा, दुसरा इंजिन पूर्ण उघडून जोडल्यावर किती लागतं त्याचा. पहिल्या आकड्याच्या जवळपास तेल निघालं तर ठीक. या गाडीतून जेमतेम अर्धा लिटर निघालं. म्हणजे इंजिन तेल खात होतं, किंवा कुठून गळत होतं, किंवा कोणी कित्येक महिने तेलाची पातळी दाखवणारी पट्टी काढून बघितलीच नव्हती. केसिंगवर खालून ओल नव्हती, मागे निळा धूर नव्हता. उरला तिसरा संशय.

रंग काळा होता. काळ्या रंगाला घाबरू नका. चांगल्या तेलात काजळी धरून ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात. ती काजळी इंजिनाच्या भिंतीवर बसू न देता तेलात तरंगत ठेवतात, म्हणून तेल काळं होतं. हजारभर किलोमीटर चाललेलं तेल मधासारखं पिवळं राहिलं तर मला जास्त काळजी वाटेल. घाबरायचं ते दुधाळ रंगाला. पाणी आणि तेल इंजिनात घुसळलं गेलं की घट्ट चहाच्या रंगाचा फेसाळ काला होतो. मुंबईत ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण आपल्याकडे गाड्या पाण्यात बसतात. हिंदमाता, गांधी मार्केट, भायखळ्याच्या सखल गल्ल्या. रात्री पार्क केलेली गाडी सकाळी सीटपर्यंत पाण्यात. मालक ती सुकवतो, पुसतो, पॉलिश करतो आणि दिवाळीच्या आसपास विकायला काढतो. टाकीवर काही दिसत नाही. दिसतं ते तेलात, तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, आणि हेडलाईटच्या आत साचलेल्या मातीच्या रेघेत. तेल दुधाळ असेल तर नवं तेल घालून गाडी तशीच पळवत सुटू नका. थोडं तेल घालून इंजिन चालवायचं, तापवायचं, काढायचं, पुन्हा घालायचं, आणि रंग शुद्ध येईपर्यंत हे करत राहायचं. बेअरिंगला गंज धरला असेल तर तोही आवाजातून कळेल.

पुतणीच्या गाडीचं तेल दुधाळ नव्हतं, पण झाकणाच्या आत फिकट पिवळी साय होती. ते पुराचं पाणी नव्हे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी रिंगांच्या बाजूने खाली तेलात उतरते. इंजिन पुरेसं तापलं आणि तापलेलं राहिलं की ती उडून जाते. लालबाग ते जे. जे. एवढ्या पल्ल्यात इंजिन तापतं न तापतं तोच गाडी बंद. मागच्या मालकाचाही पल्ला बहुधा तेवढाच असणार. खात्री करायला मी शेडमधली जुनी तऱ्हा वापरली: टाकून दिलेला तवा तापवला, गॅस बंद केला आणि त्यावर तेलाचा एकच थेंब टाकला. तडतडला तर पाणी आहे, नुसता पसरला तर नाही. बारीक तडतड झाली. हे घराबाहेर मोकळ्यावर करायचं आणि तो तवा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही.

वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर कार्बोरेटरचा फ्लोट ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल खाली उतरतंय. तेलाची पातळी वाढलेली दिसली तरी कारण तेच. करपलेला, ब्रेक लायनरसारखा वास आला तर क्लच प्लेटा जळल्यात.

आणि मग धातू. आमचा स्पेक्ट्रोमीटर घरी नाही, पण स्पीकरमधलं चुंबक आहे. भांड्याच्या तळाचे शेवटचे दोन चमचे तेल पांढऱ्या टाईलवर ओता, टाईल उन्हात धरा आणि तिरकी करा. चुंबकाला काळसर राखाडी, बोटावर घासली तर खरखरत नाही अशी लापशी चिकटली तर ती रोजची झीज. प्रत्येक इंजिनात असते. बोटाला टोचणारा कण, चपटी कपची, दाताच्या कोपऱ्यासारखा तुकडा चिकटला तर गिअरपेटी उघडावी लागणार. चुंबकाला न चिकटणारी रुपेरी चकाकी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, पिस्टन किंवा कॅमच्या बसण्याची जागा घासली जातेय. सोनेरी चकाकी म्हणजे पितळ किंवा ब्राँझचं बुश. काळे, रबरासारखे दाबले जाणारे तुकडे टायमिंग चेनच्या गाईडचे. तपकिरी तंतुमय चुरा क्लच प्लेटांचा. आणि एक ओळखून ठेवण्यासारखा प्राणी म्हणजे सुकलेल्या पेस्टच्या लांबट गाठी. केसिंग जोडताना मिस्त्रीने गॅस्केटऐवजी पेस्ट थापली की जास्तीची पेस्ट आत सुटते आणि तेलाच्या जाळीला जाऊन बसते. त्या दिसल्या तर हे इंजिन कधीतरी उघडलं गेलंय, विकणारा काहीही म्हणो.

आमच्या टाईलवर राखाडी लापशी होती आणि काळ्या रबराचे दोन-तीन कण. कपची नाही, चकाकी नाही. मी पुतणीला सांगितलं, बोरकीटची भाषा कोणी करू नये. इंजिन झिजलेलं नाही, उपाशी आहे. अर्ध्या तेलावर धावतंय, म्हणून वर हेडमध्ये तेल कमी पोचतं आणि टॅपेट वाजतात. टॅपेटचा गॅप आणि टायमिंग चेनचा ताण तपासून घे, आणि बरोबर तेल बरोबर मापाने भरू.

बरोबर तेल म्हणजे कुठलं, इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो; आणि तो डब्यावरच्या चित्रांनी वाढतो. डब्यावर वाचण्यासारख्या तीनच गोष्टी असतात. पहिली दाटपणाची, म्हणजे १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. डब्ल्यू विंटरचा, त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. मुंबईत आजवरचं नोंदलेलं किमान तापमान ७.४ अंश, तेही सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी. तेव्हा थंडीने तेल गोठेल ही भीती आपल्याला नाही. पण पहिला आकडा लहान असला की सकाळच्या पहिल्या किकेला तेल हेडपर्यंत लवकर चढतं, हा फायदा भायखळ्यातही मिळतो. इंजिनाची बरीचशी झीज चालू होतानाच्या त्या काही क्षणांत होते.

दुसरा आकडा मोठा म्हणजे तेल चांगलं, ही समजूत गॅरेजागॅरेजात आहे. माझ्या मते सेकंडहँड गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होतं. स्प्लेंडरच्या इंजिनातला पंप छोटा, वाटा बारीक, फटी घट्ट. ते बनवलंय तीसच्या तेलासाठी. पन्नास घातलं की आवाज खरंच बसतो, कारण दाट तेल झिजलेल्या फटीत उशीसारखं राहतं. पण ते वर उशिरा पोचतं, इंजिन जड फिरतं, अ‍ॅव्हरेज उतरतं. आणि गाडी विकण्याआधी हेच करून आवाज लपवतात. म्हणून विकत घेतलेल्या गाडीतून १०डब्ल्यू-३०च्या जागी शिऱ्याच्या पाकासारखं जाड तेल निघालं, तर इंजिनाची परीक्षा योग्य दाटपणाच्या तेलावर पुन्हा घ्या. उलट, ज्या गाडीला कंपनीनेच दाट तेल सांगितलंय तिला तेच हवं: पल्सरच्या अनेक जुन्या मॉडेलांना २०डब्ल्यू-५०, रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०ला १५डब्ल्यू-५०. मॅन्युअल जुन्या मालकाने हरवलं असेल तर कंपनीच्या साईटवर मिळतं. तेल मॅन्युअलप्रमाणे निवडा. ते लिहिणाऱ्यांना इंजिनातल्या फटी किती मायक्रॉनच्या आहेत हे माहीत असतं.

मायक्रॉन म्हणालो, कारण सगळा खेळ तेवढ्याच जाडीच्या थरावर आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा एक इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं. आस फिरू लागला तसं त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी उसळून बाहेर येऊ लागलं. त्याने लाकडी बूच ठोकलं, तर तेलाने बूच ढकलून बाहेर काढलं. फिरता आस स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्याच्या दाबावर तरंगतो, धातू धातूला लागतच नाही, हे त्या बुचाने दाखवलं. आणि १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. तो थर केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असतो. तेल फार पातळ झालं की थर फाटतो, फार दाट असलं की वेळेवर तयार होत नाही.

डब्यावरची दुसरी गोष्ट एपीआयची, एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरं. अक्षर पुढचं तितकं तेल नव्या दर्जाचं. एसएलचं तेल २००१चं, एसएन २०१०चं. मॅन्युअलमध्ये एसएल म्हटलं असेल तर त्यापुढचं चालतं, पण तिसरी खूण बघूनच.

ती तिसरी खूण बाईकवाल्यांनी कधीही सोडू नये: जासो एमए किंवा एमए२. मोटारीचं इंजिन, गिअरपेटी आणि क्लच यांची घरं वेगळी असतात. बहुतेक मोटरसायकलींत एकच तेल तिन्ही ठिकाणी फिरतं. क्लचच्या प्लेटा त्यात बुडालेल्या असतात आणि गिअरचे दात त्याला भरडत असतात. मोटारीच्या नव्या तेलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घालू लागले, आणि बाईकचे क्लच घसरायला लागले. त्यावर जपानी वाहन-उद्योगाने १९९८ साली बाईकच्या तेलाचं वेगळं मानक आणलं. एमए म्हणजे भिजत्या क्लचला चालणारं, एमए२ म्हणजे त्यातही पकड जास्त ठेवणारं. एमबी लिहिलेलं तेल अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरसाठी; तिचा क्लच कोरडा असतो. घरात स्कूटर आणि बाईक दोन्ही असतील तर उरलेलं तेल एकमेकींत ओतू नका. आरएक्स १००सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचा हिशोब निराळा: तिथे २टी तेल पेट्रोलबरोबर जळून जातं आणि गिअरपेटीचं तेल स्वतंत्र बदलावं लागतं.

सिंथेटिक घालू का, हा पुतणीचा पुढचा प्रश्न. सिंथेटिक तेल उष्णतेत जास्त टिकतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला सिग्नलवरच्या उभ्या उन्हात त्याचा उपयोग होतो. पण पहिल्या भरणीला नाही. ज्या इंजिनात जुना गाळ आहे त्यातलं पहिलं तेल धुण्याचं काम करणार आणि लवकर काढून टाकायचं असणार. त्याला साधं मिनरल, पण तिन्ही खुणा बरोबर असलेलं तेल पुरतं. काही मिस्त्री फ्लशिंग म्हणून इंजिनात डिझेल किंवा रॉकेल घालून दोन मिनिटं चालवतात. हे करू देऊ नका. तेवढ्या वेळात कॅमवरचा थर फाटतो, कोपऱ्यातला गाळ एकदम सुटून जाळीवर बसतो, आणि थोडं रॉकेल आत उरतंच. ते नवं तेल पातळ करतं. नवं तेलच हळूहळू धुतं, त्याला वेळ द्या.

स्प्लेंडरमध्ये पल्सरसारखा कागदी ऑईल फिल्टर नसतो. क्रँकच्या टोकाला फिरणारी एक डबी असते. तेल तिच्यातून जाताना जड कण बाहेर फेकले जाऊन तिच्या भिंतीला चिकटतात. खाली एक बारीक जाळीही असते. दोन्ही उजव्या बाजूच्या केसिंगच्या आत. नेहमीच्या ऑईल बदलात त्यांना कोणी हात लावत नाही, त्यामुळे अनेक गाड्या आयुष्यभर तो गाळ घेऊन फिरतात. सेकंडहँड गाडीत एकदा केसिंग उघडून, नवं गॅस्केट घेऊन ही डबी साफ करून घेणं हा पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग. पुतणीच्या गाडीतली मिस्त्रीने उघडली तेव्हा आत बोटाच्या नखाएवढा जाड काळा थर होता. त्यानेच तो खरवडून तिला दाखवला, आणि टॅपेटही लगेच लावून दिले.

भरताना ड्रेन बोल्टचा वायसर नवा घाला; तो काही रुपयांचा असतो आणि गळती त्याच्या जुनेपणानेच होते. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मग पान्याने बेताचा कसा. तेल मॅन्युअलच्या पहिल्या आकड्याएवढं, डबा संपेपर्यंत नव्हे. बाजारात ८००, ९०० मिलि, लिटर, १.२ लिटर असे डबे मिळतात, ते वेगवेगळ्या गाड्यांसाठी. आपल्या गाडीचं माप आपल्याला ठाऊक हवं. जास्त झालं तर क्रँक तेलाला फेस आणतो आणि फेस ब्रीदरच्या नळीने एअर फिल्टरमध्ये जातो. भरल्यावर इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मधल्या स्टँडवर पट्टी पुसून आत घाला. स्प्लेंडरची पट्टी फिरवून बसवायची नाही, नुसती टेकवून बाहेर काढायची. फिरवली तर पातळी जास्त दिसते. साईड स्टँडवरचं माप खोटं.

तिने १०डब्ल्यू-३०, जासो एमएचं मिनरल घातलं. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर ते काढलं. पुन्हा तवा, टाईल, चुंबक. तेल जेवढं घातलं होतं जवळजवळ तेवढंच निघालं, म्हणजे इंजिन तेल खात नव्हतं. तवा तडतडला नाही, कारण मी तिला सुट्टीच्या दिवशी गाडी ईस्टर्न फ्रीवेकडे नको, तिथे दुचाकीला बंदी आहे, पण सायनच्या पुढे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाण्यापर्यंत फिरवून आणायला सांगितलं होतं. पाऊण तास न थांबता चाललं की तेलातली वाफ उडून जाते. रबराचा कण एकही नव्हता. आता तिने अर्धसिंथेटिक घातलंय, आणि या इंजिनाला ते शोभतं.

पुढे किती दिवसांनी बदलायचं? कंपन्या किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे देतात, जे आधी येईल ते. मुंबईत महिनेच आधी येऊ द्या. जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी. त्यामुळे मोहम्मद अली रोडवर खालून हाफ क्लचवर रांगावं लागतं. ताशी पंधराच्या सरासरीने ३,००० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २०० तास, ताशी पंचेचाळीसने तेच ३,००० म्हणजे ६७. मीटर दोघांनाही सारखंच दाखवतं, तेल मात्र तासांनी म्हातारं होतं. भायखळा-दादर-मस्जिद एवढ्यातच फिरणाऱ्या गाडीचं तेल मी सहा महिन्यांपलीकडे ठेवणार नाही, मीटर काहीही म्हणो. दर पंधरवड्याला पट्टी बघायला लागतं फक्त एक फडकं.

सुटं तेल, ड्रममधून काढून विकतात ते, स्वस्त असतं म्हणून घेऊ नका. त्याच्यावर ग्रेडही नाही आणि नावही नाही. डबा घ्याल तर सील, बॅच आणि तारीख बघून, ओळखीच्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून घ्या. हिंदुस्थान पेट्रोलियमच्या माहूलच्या रिफायनरीत वंगणाचं मूळ तेल तयार होतं, माझगावात तेल मिसळून डबे भरतात. चांगलं तेल मिळायला आपल्याला कुठे दूर जावं लागत नाही.

राहिलं ते भांड्यातलं काळं तेल. ते गटारात ओतलं तर भायखळा-लालबागचं पावसाचं पाणी जिथे जातं तिथेच जाईल, रे रोडच्या ब्रिटानिया पंपिंग स्टेशनवरून बंदराच्या समुद्रात. शेजारीच शिवडीची खाजण आहे, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. त्या काळ्या तेलात आपण टाईलवर बघितलेले सगळे धातू असतात. २०१६च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं तेल परत गोळा करून शुद्धीकरणाला पाठवायची जबाबदारी टाकलेली आहे. त्याच्यापासून पुन्हा चांगलं वंगण बनवता येतं. घरी बदललंत तर तेल त्याच डब्यात परत भरा आणि ज्या गॅरेजमधून नोंदणीकृत रिसायकलरची गाडी ड्रम उचलते तिथे नेऊन द्या. मोठी सर्व्हिस सेंटरं घेतात, विचारायला संकोच करू नका. तिथे डबा रिकामा झाला की तो तिथेच सोडून येऊ नका. चांगल्या कंपनीच्या अख्ख्या डब्याला नकली तेल भरणारे पैसे देतात. झाकण काढा, डबा सुरीने उभा चिरा, मग कचऱ्यात टाका.